ली सिंड्रोम, पोटाला बटन आहे, आता फंडो करा म्हणतायत. काय ठरवावं?

सांगलीची आई

नमस्कार. माझी लेक पावणेपाच वर्षांची आहे. ली सिंड्रोम, म्हणजे पेशींना ऊर्जा देणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा आजार, त्यात मेंदू दुखावत जातो. तिच्यात सर्फ-१ जनुकातला दोष आहे. दीड वर्षाची असताना निदान झालं, तोवर ती भिंतीला धरून उभी राहायची. आता मान सावरत नाही, बोलत नाही, पण ऐकते सगळं. पुण्याहून आत्याचा फोन आला की आवाज ओळखून डोळे मोठे करते. कुकरची शिट्टी झाली की आधी दचकते आणि मग हसते. हे मुद्दाम आधी सांगतेय, कारण नुसते रिपोर्ट वाचले की लोकांना वाटतं या मुलीला काही कळतच नसेल.

गेल्या वर्षी पेग केली, म्हणजे पोटावरून थेट जठरात नळी, नंतर त्या जागी बटन, म्हणजे झाकणाची छोटी नळी, बसवलं. जेवणावरून रोज होणारी झटापट संपली, वजन साडेनऊवरून साडेअकरा किलोवर आलं. ते केलं हे चांगलंच झालं. पण त्या भुलेनंतर काही आठवडे ती अगदी लोळागोळा होती, आणि आधी उजव्या हाताने बोट घट्ट धरायची ती पकड नंतर तशी परत आली नाही. आमच्या न्यूरोलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या की उपास, ताप, ऑपरेशन, कुठलाही मोठा ताण या मुलांना मागे नेऊ शकतो.

पावसाळ्यापासून दूध वर येतंय. दिवसातून पाच वेळा सव्वाशे मिली, सिरिंज उंच धरून हळूहळू सोडते. अर्ध्या-पाऊण तासाने घशात खळखळ सुरू होते, कधी नाकातोंडातून येतं. लान्सोप्राझोल, डॉमपेरिडोन चालू आहे. पाठीखाली तिरकी गादी आहे. तरी पावसाळ्यात एक न्यूमोनिया झाला आणि दिवाळीच्या तोंडावर दुसरा. दुसऱ्या वेळी बायपॅपवर, म्हणजे मास्कमधून श्वासाला मदत करणाऱ्या मशीनवर, होती. मिल्क स्कॅनमध्ये, म्हणजे दुधात किरणोत्सारी द्रव मिसळून ते कुठे जातं हे बघायच्या तपासणीत, दूध अन्ननलिकेत पार वरपर्यंत येताना दिसलं. बेरियममध्ये आतड्याची रचना ठीक आहे, हर्निया नाही.

सर्जन म्हणतात, दुर्बिणीतून निस्सेन फंडोप्लिकेशन (फंडो, दूध वर येऊ नये म्हणून जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती पूर्ण गुंडाळायचं ऑपरेशन) करून टाकू, पुढचा न्यूमोनिया कसा असेल सांगता येत नाही. न्यूरोलॉजिस्ट मॅडम नाही म्हणत नाहीत, पण हो म्हणतानाही थांबतात. मिस्टरांना करायचंय. दिवाळीत आयसीयूच्या बाहेर रात्री तेच बसले होते, ते म्हणतात परत तसं नको. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा जिवाला अजून किती टोचायचं. आणि मला दोघांचंही पटतं.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचे अनुभव वाचायला मिळतात, पण मायटोकॉन्ड्रियल आजार असताना कुणी हे ऑपरेशन केलंय का? किंवा विचार करून टाळलंय का? सर्जनना पुढच्या आठवड्यात भेटायचंय. काय काय विचारू?

कणकवलीची आई

ताई, माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, मायटो नाही, त्यामुळे भुलेबद्दल मी काही बोलत नाही. फंडो त्याच्या सहाव्या वर्षी झालं. त्याआधी आमचा प्रत्येक पावसाळा हॉस्पिटलात जायचा. त्यानंतरचे पावसाळे घरी गेले. छातीला सर्दी होते, पण अॅडमिट करायची वेळ आली नाही. मला पुन्हा विचारलंत तर मी पुन्हा करीन.

पण एक गोष्ट आधी कुणी नीट सांगत नाही ती मी सांगते. रॅप, म्हणजे जठराचा तो गुंडाळलेला वेढा, घट्ट असला की मुलाला ढेकर देता येत नाही आणि ओकताही येत नाही. सुरुवातीचे कित्येक महिने फीड झालं की पोट टम्म व्हायचं आणि कोरडे उमाळे यायचे, चेहरा लालबुंद, डोळ्यात पाणी. बटनाला नळी लावून रिकामी सिरिंज वर धरून हवा सोडावी लागते, फीडच्या आधी आणि नंतरही. जुलाब-उलटीची साथ आली तेव्हा ओकारी वर येईना, सगळं बटनातूनच काढावं लागलं. हे करायची तयारी ठेवा. घरातल्या आणखी एकाला तरी शिकवा.

पैशांचं विचारलं नाहीत, तरी लिहिते. नॅशनल ट्रस्टची निरामय योजना वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य कवच देते. बहुविकलांगतेचं प्रमाणपत्र असेल तर लेकीचं नाव त्यात बसू शकतं. आधी ते करून घ्या.

नाशिकचा बाबा

ताई, आमच्या घरी मायटोच आहे. मुलगा आठ वर्षांचा, त्यालाही ली सिंड्रोम, पण दोष मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएमध्ये, ८९९३ या जागेवर. आम्हालाही फंडोच सुचवलं होतं. आम्ही केलं नाही. का केलं नाही ते सविस्तर लिहितो. तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं, पण प्रश्न बहुतेक हेच असतील.

सगळ्यात आधी, ती ओकते कशी ते बघा. दूध आपसूक ओठाशी येतं, की आधी उमाळे येतात? पांढरी पडते का, घाम येतो का, लाळ एकदम वाढते का, पोट आत ओढलं जातं का? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपसूक वर येतं तो रिफ्लक्स. त्यात जठराच्या तोंडाची झडप सैल असते आणि फंडो नेमकी तीच घट्ट करतं: जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला मफलरसारखा गुंडाळून टाके घालतात. पण उमाळे येऊन होते ती उलटी मेंदूच्या खोडातून निघते, आणि ली सिंड्रोम नेमका तिथेच घाव घालतो. लॅक्टेट, म्हणजे ऊर्जा नीट तयार झाली नाही की रक्तात साचतं ते, वाढलं तरी ओकारी येते. अशी उलटी रॅपने थांबत नाही. पोट ढकलत राहतं, रॅप अडवत राहतो. मूल तळमळतं आणि पुढे रॅप सैल होण्याचं किंवा वर सरकण्याचं तेही एक कारण ठरतं. मोबाइलवर व्हिडिओ काढा, वेळ लिहा, फीड किती वाजता झालं होतं ते लिहा. आमच्या पोटविकार तज्ज्ञांनी फाइल बाजूला ठेवून आधी व्हिडिओ मागितले होते.

दुसरं, जठर रिकामं किती वेळात होतं? मायटोमध्ये स्नायूंना ताकद कमी पडते तशी आतड्याच्या स्नायूंनाही पडते. जठरच मंद असेल तर वरचं तोंड बंद करून दूध तिथेच साचतं. मिल्क स्कॅन झालाय म्हणता, त्याच तपासणीत एक-दोन तासांनी जठरात किती उरलं हे मोजता येतं. रिपोर्टमध्ये ती ओळ आहे का बघा, नसेल तर विचारा. बद्धकोष्ठ असेल तर तेही मनावर घ्या. खाली अडलेलं असलं की वरचंही पुढे सरकत नाही.

तिसरं, आणि मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. छातीत जातंय ते दूधच आहे कशावरून? गिळता न येणाऱ्या मुलांची स्वतःची लाळही श्वासनलिकेत उतरते. त्याला कुठलंही पोटाचं ऑपरेशन उपयोगी नाही. लाळेचा स्कॅन असतो, जिभेवर किरणोत्सारी द्रवाचा थेंब ठेवतात आणि तो फुफ्फुसाकडे जातो का बघतात. चिरणं नाही, भूल नाही. आमच्या मुलाच्या बाबतीत दोन्ही निघालं. लाळेसाठी ग्लायकोपायरोलेट सुरू केलं आणि छाती निम्मी तिथेच हलकी झाली.

उरलेल्या निम्म्यासाठी आम्ही जठर वगळून बघितलं. नाकातून नळी घालून तिचं टोक जठराच्या पुढे लहान आतड्यात नेतात आणि काही आठवडे सगळं दूध तिथेच सोडतात. छाती सुधारली तर गुन्हेगार जठरातलं दूध. नाही सुधारली तर फंडोनेही बहुधा सुधारली नसती, हे मोठं ऑपरेशन न करताच कळलं. आमची सुधारली, मग बटनाच्याच भोकातून जीजे नळी घातली. एक तोंड जठरात, एक पुढे आतड्यात. एक्स-रेखाली बघत बसवतात. आमच्या मुलाला त्यासाठी भूल लागली नाही.

अमेरिका आणि युरोपातल्या बाल-पोटविकार तज्ज्ञांच्या संस्थांनी २०१८ साली मिळून दिलेल्या मार्गदर्शनात औषधांना दाद न देणाऱ्या रिफ्लक्ससाठी आतड्यात फीड देणं हा फंडोला पर्याय म्हणून मांडलेला आहे. तेव्हा हे विचारलंत तर सर्जनना नवीन वाटणार नाही.

जीजेचा त्रासही सांगतो. आतड्यात जागा नसते, त्यामुळे सिरिंजने एकदम सोडता येत नाही, सोडलं तर जुलाब होतात, घाम फुटतो. पंप लागतो, आणि दिवसाचे अठरा-वीस तास मूल पंपाला जोडलेलं. नळी बारीक, औषधाची पूड नीट विरघळली नाही की तुंबते. कधी टोक मागे जठरात सरकतं, मग पुन्हा एक्स-रे, आणि हे काम नाशिकात प्रत्येक वेळी होत नाही. दर काही महिन्यांनी बदलावी लागते. हिरवी उलटी झाली तर घरी थांबायचं नाही, नळीच्या टोकाभोवती आतडं आतड्यात शिरू शकतं, लहान मुलांत जास्त. आणि जठराचा स्वतःचा रस तरीही वर येतोच, म्हणून आम्लाचं औषध सुटत नाही.

तरीही आम्ही ते निवडलं, कारण नळी काढता येते. रॅप तसा सहज सोडवता येत नाही, त्याला पुन्हा भूल आणि पुन्हा ऑपरेशन.

भूलतज्ज्ञ, पुणे

सांगलीच्या ताईंसाठी. मी मुलांना भूल देते. तुमच्या मुलीला मी तपासलेलं नाही, त्यामुळे हे तुमच्या भूलतज्ज्ञांशी बोलताना सोबत ठेवण्यापुरतं.

ऑपरेशन फंडोचं असो की आणखी कशाचं, सर्जनइतकंच भूलतज्ज्ञांनाही आधी भेटा. आदल्या रात्री वॉर्डात नाही, तारीख ठरण्याच्या आधी. आजाराचं नाव आणि जनुकाचा रिपोर्ट हातात द्या. हृदयाचा इको, ईसीजी, रक्तातलं लॅक्टेट आणि रक्तवायू तपासलेले असावेत.

उपास हा या मुलांचा खरा शत्रू. डब्याच्या दुधाला साधारण सहा तास अंतर लागतं, ते पाळावंच लागेल, पण दूध थांबलं त्याच वेळी ग्लुकोजचं सलाइन सुरू व्हायला हवं. मूल किटोजेनिक आहारावर (साखर-पिष्ट अगदी कमी, तूप-तेल जास्त) असेल तर गोष्ट वेगळी, ते आधी सांगा. नंबर सकाळचा पहिला मागा. रिंगर लॅक्टेट हे सलाइन सहसा टाळतात, कारण त्यात लॅक्टेट असतं आणि या मुलांना तेच निस्तरता येत नाही. प्रोपोफॉल एका डोसपुरतं देणं वेगळं आणि तासन्‌तास चालू ठेवणं वेगळं. दुसरं टाळायचं. अंग थंड पडू द्यायचं नाही. मॉर्फिनसारखी वेदनाशामकं कमी मात्रेत आणि श्वासावर डोळा ठेवून.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात जखम लहान असते, पण पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. तो रक्तात शोषला जातो आणि छातीचा पडदा वर ढकलला जातो. ज्या मुलीला नुकतं बायपॅप लागलं होतं तिच्यासाठी ही लहान बाब नाही. न्यूमोनियानंतर आम्ही साधारण चार ते सहा आठवडे थांबतो. दिवाळीपासूनचं अंतर मोजा.

आणि एक प्रश्न ऑपरेशनच्या आधी दोघांनी शांतपणे बोलून ठेवा, डॉक्टरांसमोर. ऑपरेशननंतर श्वासाची नळी लगेच निघाली नाही तर काय? किती दिवस वाट बघायची, गळ्याला छिद्र पाडायची वेळ आली तर तुमची इच्छा काय? ली सिंड्रोममध्ये श्वास चालवणारं केंद्रच दुखावलेलं असू शकतं, म्हणून हे विचारतेय, घाबरवायला नाही. हे आधी बोललेले आईवडील आयसीयूच्या दारात कमी एकटे असतात, हे मी बघितलंय.

कणकवलीची आई

नाशिकचे दादा, तुम्ही सगळं नीट लिहिलंत, पण एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. आधी हा स्कॅन, मग तो, मग नळी घालून बघू, यात महिने जातात. प्रत्येक न्यूमोनिया फुफ्फुसाचा थोडा भाग घेऊन जातो, तोही परत मिळत नाही. ताई, तपासण्या करा, पण तारखा लावून घ्या. अमुक दिवसापर्यंत छाती सुधारली नाही तर पुढची पायरी कोणती, हे आजच सर्जनकडून लिहून घ्या.

नाशिकचा बाबा

मान्य. हे माझ्या लिहिण्यातून राहिलं होतं. आम्हीही मुदत ठरवूनच नळी घातली होती.

न्यू जर्सीची ताई

माझ्या मुलालाही मायटोच आहे, मायटोकॉन्ड्रियातल्या कॉम्प्लेक्स वन या भागाचा दोष, वय नऊ. आमचं फंडो झालेलं नाही, जीजेही नाही. डब्यातलं दूध कमी करून घरचं जेवण बारीक वाटून बटनातून द्यायला लागलो तेव्हा उमाळे खूप कमी झाले. मऊ भात, मुगाची डाळ, भोपळा, वर थोडं तूप, मिक्सरमधून दोनदा आणि मग गाळून. जाडसर अन्न वर कमी येतं. प्रत्येक मुलाला चालतं असं नाही, आणि आहारतज्ज्ञांनी उष्मांक मोजून दिल्याशिवाय सुरू करू नका. बटनाचा व्यास बारीक असेल तर तुंबतं. हे फक्त जठरात, आतड्यातल्या नळीत कधीच नाही.

आणि एकदा उष्मांकच तपासून घ्या. साडेअकरा किलोची, फारशी हालचाल न करणारी मुलगी, तिला सव्वाशे मिली पाच वेळा कदाचित जास्त होत असेल. आमच्याकडे नुसतं प्रमाण कमी करून आणि एक तासभर हळू देऊन फरक पडला होता.

पेरिनॉर्म हे उलटीचं औषध कुणी सुचवलं तर हालचालींचा त्रास वाढतो का ते न्यूरोलॉजिस्टना विचारल्याशिवाय देऊ नका. बॅक्लोफेनबद्दल मात्र विचारा. स्नायूंच्या ताठरपणासाठी देतात ते, काही मुलांत रिफ्लक्सलाही मदत होते.

सांगलीची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. सर्जनना भेटून आलो.

व्हिडिओ काढले आणि माझ्या डोळ्यांना जे एकच वाटत होतं ते दोन निघालं. दुपारच्या आणि संध्याकाळच्या फीडनंतर दूध आपसूक येतं. पण पहाटे चार-पाचच्या सुमारास, पोट रिकामं असताना, तिला उमाळे येतात, कपाळ गार पडतं, घाम येतो, आणि थोडासा चिकट पाण्यासारखा स्राव पडतो. दाखवल्यावर न्यूरोलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या, हे पहाटेचं पोटाचं नसावं. रात्रीचा लांब उपास तोडायला हवा. म्हणून आता रात्री थोडं थोडं फीड चालू ठेवायचं ठरलंय. हे आधी कुणाला सुचलं नव्हतं, कारण आमच्यासकट सगळे दुधाकडेच बघत होते.

मिल्क स्कॅनच्या रिपोर्टमध्ये जठर रिकामं होण्याची ओळ नव्हती. सर्जननी स्वतः फोन करून आकडे मागवले. वेग मंद आहे, पण फार वाईट नाही. लाळेच्या स्कॅनसाठी मुंबईला जायचं आहे, तारीख मिळाली.

मला भीती होती की इतके प्रश्न विचारले तर सर्जन चिडतील. तसं काही झालं नाही. नाकातून आतड्यात नळी घालून सहा आठवडे बघायला ते तयार झाले. कणकवलीच्या ताईंनी सांगितलं तसं मी तारीख लिहून घेतली, त्यांनी फाइलवर सही करून दिली. छाती सुधारली आणि पंपाचं आयुष्य झेपलं तर जीजे. सुधारली पण झेपलं नाही, तर फंडो, मात्र पूर्ण वेढ्याचा निस्सेन न करता अर्धवट वेढ्याचा, म्हणजे ढेकर आणि हवेला थोडी वाट राहील. आणि मध्येच पुन्हा न्यूमोनिया झाला तर सहा आठवडे पुरे व्हायची वाट न बघता सगळे एकत्र बसून ठरवू. भूलतज्ज्ञांची भेट आधीच घालून देतायत, पुण्याच्या मॅडमनी लिहिलेलं सगळं छापून नेणार आहे.

श्वासाच्या नळीचं आम्ही बोललो. गाडीत, परत येताना. मिस्टर बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले की काही दिवस मशीन चालेल, पण गळ्याचं छिद्र आणि कायमचं मशीन तिच्यावर लादायचं नाही. माझंही तेच होतं, मी फक्त त्यांच्या तोंडून यायची वाट बघत होते. सासूबाईंनाही सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं की मग पंप कसा लावायचा ते मला कधी शिकवणार.

आता पंपाचंच विचारायचं आहे. विकत घेण्याआधी सहा आठवड्यांसाठी भाड्याने हवा आहे. सांगली, मिरज किंवा कोल्हापुरात कुणी भाड्याने घेतलाय का? आमच्या भागात दुपारी दोन-दोन तास वीज जाते, तेव्हा बॅटरी खरंच किती वेळ टिकते, आणि पंपाच्या पिशव्या रोज नवीन लागतात की धुऊन पुन्हा चालतात, हेही वापरणाऱ्यांनी सांगा.

नाशिकचा बाबा

पिशवी कंपनी रोज बदलायला सांगते, आम्हीही रोज बदलतो. आतड्यात थेट जातं, तिथे जठराचं आम्ल जंतू मारायला नसतं, त्यामुळे यात काटकसर करू नका. बॅटरी नवीन असताना कागदावर लिहिलेली टिकते, भाड्याच्या पंपाची टिकेलच असं नाही. घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी, लेकीला न जोडता, नुसतं पाणी भरून बॅटरीवर चालवून बघा आणि किती वेळाने बंद पडतो ते लिहून ठेवा. कोल्हापूरचं मला माहीत नाही. ज्यांनी आमची जीजे बसवली त्यांच्याकडच्या सिस्टरनी आम्हाला पंप भाड्याने देणाऱ्याचा नंबर दिला होता, तुम्हीही नळी घालायला जाल तेव्हा तिथेच विचारा.